दूध पाजतेय, तरी वजन का वाढतंय?

प्रश्न : मी डिचोलीजवळ राहते, वय २९, उंची पाच फूट दोन इंच. बाळ साडेचार महिन्यांचं आहे, सिझेरियन झालं. गरोदर राहण्याआधी माझं वजन ५६ किलो होतं, बाळंतपणाच्या आदल्या दिवशी ७०. सहाव्या आठवड्यात तपासणीला गेले तेव्हा ६३ भरलं. त्यानंतर तीन महिने पेडण्याला माहेरी होते आणि आता परत येऊन काट्यावर उभी राहिले तर ६६! बाळ फक्त माझ्या दुधावर आहे. सगळ्या सांगत होत्या की अंगावर पाजलं की वजन आपोआप उतरतं. आई रोज मेथीचे नाहीतर डिंकाचे लाडू द्यायची, शिवाय तूप घालून पेज आणि शतावरी घातलेलं दूध. सासूबाई म्हणतात, खाणं कमी केलंस तर दूध आटेल. जाऊबाईंनी १२०० कॅलरीचा डाएट प्लॅन मोबाइलवर पाठवलाय. त्यांचं म्हणणं, वरचं दूध सुरू कर, म्हणजे तुला नीट डाएट करता येईल. (त्यांचं स्वतःचं वजन बाळंतपणानंतर इतकं उतरलं होतं की लोक आजारी आहेस का विचारायचे.) पुढच्या महिन्यात पणजीला नोकरीवर रुजू व्हायचं आहे. चवथीला (गणेश चतुर्थीला) घर पाहुण्यांनी भरणार आणि एक ब्लाउज अंगात शिरत नाही. गरोदरपणात साखर थोडी वाढली होती, नंतर पाहिलेली नाही. रात्री पाजताना कधीकधी उगाच रडू येतं. पाजणं थांबवू का?

— एक बाळंतीण, डिचोली तालुका

उत्तर : नाही ताई, वजनासाठी पाजणं थांबवू नका. तुम्हाला दुसऱ्या कुठल्या कारणाने थांबवावंसं वाटलं असतं तर मी वाद घातला नसता, तो निर्णय तुमचा. पण वजन उतरावं म्हणून थांबवणार असाल, तर ते त्याने उतरेलच असं नाही.

तुमच्या घरात चौघी जणी चार गोष्टी सांगताहेत आणि सगळ्यांच्या बोलण्यात एकच गृहीतक आहे : दूध आणि वजन एकाच दोरीला बांधलेले आहेत. आईला वाटतं जास्त खाल्लं की जास्त दूध. सासूबाईंना वाटतं कमी खाल्लं की दूध आटतं. जाऊबाईंना वाटतं दूध थांबलं की वजन उतरतं, आणि बाकीच्यांना वाटतं दूध पाजलं की उतरतं. ही दोरी आधी सोडा. दुधाचा हिशेब बाळावरून करायचा आणि वजनाचा हिशेब तुमच्या ताटावरून, झोपेवरून आणि रक्ताच्या तपासणीवरून.

आधी तुमचे आकडे पाहू. ७० वरून ६३ हे सात किलो कुठे गेले? तीनेक किलोचं बाळ, अर्ध्या-पाऊण किलोची वार, गर्भजल, रक्त, आणि अंगात साचलेलं पाणी, जे पहिल्या पंधरवड्यात लघवीवाटे आणि घामावाटे जातं. एक किलोच्या आसपास वाढलेलं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या खाली येतं. म्हणजे ती सात किलोंची घट कुणाच्या कष्टाने झालेली नव्हती, तशीच आता ती थांबली हा तुमचा आळसही नव्हे. उरलं ते खरं वजन. त्यात तीन-चार किलो चरबी तर शरीराने गरोदरपणात मुद्दाम साठवलेली असते, बहुतेक मांड्यांवर आणि कमरेवर, पुढे दुधासाठी वापरता यावी म्हणून.

मग वापरली का गेली नाही? फक्त अंगावरच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध पितं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या हिशेबानुसार पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढचे सहा महिने ५२०. बैठं काम करणाऱ्या बाईची मूळ गरज त्यांनी १६६० धरली आहे. म्हणजे तुमच्यासाठी साधारण २२५०. आता आईचा लाडू घ्या. तूप, गूळ, सुकं खोबरं, डिंक घातलेला चांगला मुठीएवढा लाडू दीडशे ते दोनशे कॅलरीचा असतो. सकाळी दोन, संध्याकाळी एक खाल्ला की दुधाचा सगळा जादा खर्च तिथेच भरून निघाला. पेजेतलं तूप, साखर घातलेलं दूध आणि रात्री पाजताना भूक लागली म्हणून खाल्लेली बिस्किटं वर राहिली.

आणि हे फार मोठं नाही, हेही मी तुम्हाला आकड्यातच दाखवते. तीन किलो चरबी म्हणजे सुमारे २३ हजार कॅलरी. तीन महिन्यांचे नव्वद दिवस धरले तर रोजच्या अडीचशे. दीड लाडू. तुम्ही खादाडपणा केलेला नाही. आईने प्रेमाने दिलेल्या ताटात रोज दीड लाडू जास्त होता, इतकंच घडलंय.

पाजण्याने वजन उतरतं का, यावर अभ्यास भरपूर झालेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. सरासरीत थोडा फायदा दिसतो, तोही बरेच महिने पाजणाऱ्यांत. पण प्रत्येकीच्या बाबतीत तो दिसेलच असं नाही. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन भूकही वाढवतं. त्यात रात्री तीन-चारदा झोप मोडली की भुकेची संप्रेरकं आणखी वर जातात, आणि तेव्हा माणूस काकडी शोधत नाही. जाऊबाईंची भूक कमी राहिली असेल, कदाचित बाळ जास्त पीत असेल, कदाचित थायरॉइड बिघडलं असेल. ते कुणी पाहिलंच नाही. त्यांचं उतरलं म्हणून तुमचं उतरायला हवं, हा न्याय इथे चालत नाही.

सासूबाईंची भीती मात्र अर्धी खरी आहे. १२०० कॅलरीचा प्लॅन तुमच्या गरजेच्या जेमतेम निम्मा आहे. तो कुणासाठी लिहिलाय देव जाणे, पाजणाऱ्या बाईसाठी नक्की नाही. फार कमी खाल्लं तर आधी थकवा येतो, केस जातात, चिडचिड होते, आणि दूधही कमी होऊ शकतं. पण बेताने कमी केलं तर दूध आटत नाही. दूध तयार होतं ते बाळ ओढतं म्हणून. स्तन जितके रिकामे होतील तितक्या वेगाने पुन्हा भरतात, आणि वरचं दूध सुरू केलं की नेमकं हेच ओढणं कमी होतं. पूर्ण आटवलंत तर रोजचा पाचसहाशे कॅलरींचा खर्च एका झटक्यात थांबतो, भूक मात्र त्याच दिवशी कमी होत नाही. शिवाय सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, मग पेज-भात-नाचणीच्या जोडीने दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढेही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. तुमचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे, दीड महिना तर सरळ राहिलाय.

दूध पुरतं की नाही हे सासूबाईंना पटवायचं असेल तर बाळाच्या लंगोटांकडे बोट दाखवा. दिवसरात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा लघवी, पाजल्यावर सैल पडलेल्या मुठी आणि वाढीच्या तक्त्यावर वर चढणारी रेघ. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाचं वजन जन्माच्या दुप्पट होतं. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात वजन करून माता-बाल संरक्षण कार्डावर मांडून आणा आणि ते कार्ड फ्रिजवर लावा. घरातले निम्मे वाद मिटतील.

आता ताटाचं सांगते. लाडू बंद करू नका, एक ठेवा. सकाळी, दुधाबरोबर. शतावरीने दूध वाढतं याला भक्कम पुरावा नाही, ती हवीच असं काही नाही. दूध प्यायचं ते बिनसाखरेचं. अकराच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज घ्या, पण तुपाऐवजी तिच्याबरोबर मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी), चवळीची उसळ किंवा उकडलेलं अंडं असू द्या. नुसत्या पेजेने तासाभरात पुन्हा भूक लागते. नाचणीची तिजाण (गूळ घातलेली पातळ खीर) आपल्याकडे बाळाच्या आजीलाही आवडते. ती गूळ कमी घालून संध्याकाळी घ्या, पोदेर (पाववाला) सायकलवरून भोंगा वाजवत येईल त्या वेळेला. चार उंडे (गोल पाव) चहात बुडवून खाण्यापेक्षा बरं. पाव आवडत असेल तर कोंड्याची पोळी, म्हणजे कोंड्याचा चपटा पाव घ्या, एक. मी त्यावर बंदी घालणार नाही, गोव्यात राहून मला तो अधिकारही नाही.

मासळीबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी खाऊ घालतात. मोरी म्हणजे शार्क. समुद्रात मोठ्या माशाने लहान मासे खाऊन खाऊन त्याच्या अंगात पारा साठतो आणि तो दुधातून बाळाकडे जातो, म्हणून पाजणाऱ्या आईने शार्क टाळावा असंच सांगितलं जातं. तारले, बांगडे, मुडदुशी खुशाल खा. तारल्यांत आणि बांगड्यांत बाळाच्या मेंदूला लागणारा ओमेगा-३ भरपूर असतो, आणि तारले काट्यासकट मऊ शिजवले तर कॅल्शियमही मिळतं. तळण्याऐवजी हुमण (माशांची आमटी) करा, नारळ थोडा कमी घालून. जून-जुलैत ट्रॉलर बंद असतात तेव्हा अंडी, डाळी, पनीर आहेतच. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ तपासून घ्या. दुधाचं प्रमाण आईच्या खाण्याने फारसं हलत नाही, पण त्यातलं बी-१२ आणि आयोडिन आईच्या ताटातूनच येतं. लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते, कॅल्शियमची सहा महिने. माहेरच्या गडबडीत सुटल्या असतील तर पुन्हा सुरू करा.

एकूण खाणं १८०० कॅलरींच्या खाली नेऊ नका, आणि वजन आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा वेगाने उतरवू नका. महिन्याला एक-दीड किलो उतरलं तरी उत्तम. म्हणजे ५६ चवथीपर्यंत दिसणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत ६० च्या आत आलात तर मी खूश होईन. खोटा धीर मात्र देत नाही. तुमच्या उंचीला ६६ किलो जास्तच आहे, आणि पुढचं बाळंतपण यावरच रचलं गेलं तर उतरवणं अवघड होतं. इंटरनेटवरच्या चरबी जाळणाऱ्या पावडरी आणि गोळ्या पाजताना अजिबात नकोत.

व्यायाम म्हणजे आत्ता चालणं. सिझेरियनला साडेचार महिने झालेत, डॉक्टरांनी हरकत घेतली नसेल तर रोज अर्धा तास. पाऊस असेल तर बल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) फेऱ्या घाला, उघडीप असेल तेव्हा मये तलावाकडे बाळाला घेऊन जा. चालून आल्यावर दूध आंबतं असं कुणी सांगेल, त्याकडे लक्ष देऊ नका. पोट बांधल्याने आधार मिळतो, चरबी जात नाही. पोट अजून फुगलेलं दिसत असेल तर एकदा उताणं पडून, गुडघे दुमडून मान किंचित उचला आणि बेंबीच्या वर मध्यरेषेत बोटं दाबून पाहा. दोनपेक्षा जास्त बोटांची फट लागली तर पोटाचे स्नायू मधून फाकलेले आहेत. अशा वेळी सिट-अप्ससारखे पोटाचे व्यायाम आपल्या मनाने करायचे नाहीत, फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

इथवर लिहिलं ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण तुमच्या पत्रात मला जी ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती तुम्ही ब्लाउजच्या नंतर सहज लिहून टाकलीत : गरोदरपणात साखर थोडी वाढली होती, नंतर पाहिली नाही.

ताई, ती पाहायला हवी. याच आठवड्यात. गरोदरपणातली साखर बाळंतपणानंतर बहुतेक जणींची उतरते, पण अशा बायकांना पुढे टाइप-२ मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट असते. म्हणून सहाव्या आठवड्याला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. तुमची ती चाचणी राहून गेली, आता करा. डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात जा, गरोदरपणातले रिपोर्ट सोबत न्या. २०२३ साली आयसीएमआर-इंडियाब ही मधुमेहाची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालेलं राज्य आपला गोवा होता : २६.४ टक्के. म्हणजे थोडी वाढलेली साखर आपल्याकडे दुर्लक्षाने सुटत नाही. आणि पाजत राहिल्याने आईचा पुढचा मधुमेहाचा धोका कमी होतो, स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचाही. वजनाच्या काट्यावर हे दिसत नाही, पण पाजणं चालू ठेवायला मला हे कारण वजनापेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

त्याच वेळी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिनही करून घ्या. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींचं थायरॉइड बिघडतं. आधी जास्त काम करतं, तेव्हा वजन भराभर उतरतं आणि छातीत धडधडतं. मग चार ते आठ महिन्यांच्या सुमारास मंदावतं, तेव्हा वजन वाढतं, थकवा येतो, मन खाली जातं. तुम्ही नेमक्या त्याच महिन्यांत आहात. कुटुंबनियोजनासाठी तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, काही जणींचं वजन त्याने वाढतं.

रात्रीच्या रडण्याबद्दल डॉक्टरांशी बोलताना लाजू नका. पहिल्या दोन आठवड्यांतलं रडू आपोआप ओसरतं. साडेचार महिन्यांनीही येतंय तर त्याची दखल घ्यायला हवी, मग ते थायरॉइडमुळे असो, झोपेमुळे किंवा नैराश्यामुळे. पाजताना चालणारे उपचार असतात, त्यासाठी दूध सोडावंच लागतं असं नाही. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. बाळाला किंवा स्वतःला काही करावंसं वाटलं, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, घरच्यांना उठवा आणि इस्पितळात जा.

नवऱ्याला या पत्रात कुठेच आणलेलं नाहीत तुम्ही. रात्रीचं एक पाजणं झाल्यावर ढेकर काढणं, लंगोट बदलणं, बाळाला परत झोपवणं ही कामं त्याची. तुम्हाला सलग चार तास झोप मिळाली तर ती कुठल्याही डाएट प्लॅनपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि जाऊबाईंना प्लॅनबद्दल आभार माना, घरात भांडण कशाला.

आता नोकरी. कायद्याने २६ आठवड्यांची रजा आहे. रुजू झाल्यावर बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजण्यासाठी सुट्टी मिळते, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकाचं काम. रुजू होण्याआधीच हे लेखी विचारा. बाळ डिचोलीत आणि तुम्ही पणजीत, म्हणजे त्या दोन सुट्ट्यांत दूध काढावं लागणार. आत्तापासून रोज एकदा काढायची सवय करा, आणि वाटी-चमच्याने पाजायचं सासूबाईंना शिकवा. काढलेलं दूध बाहेर चार तास टिकतं असं पुस्तकात लिहितात, पण ते पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत. आपल्या उकाड्यात ते लगेच फ्रिजमध्ये, आणि बसमध्ये बर्फाच्या पिशवीसकट डब्यात. फ्रिजच्या आतल्या बाजूला चार दिवस चालतं, दारातल्या कप्प्यात ठेवू नका.

डब्याकडेही बघा. नोकरीवर गेल्यावर वजन वाढतं ते सकाळची बस पकडताना न्याहारी बुडते आणि दहा वाजता भाजी-पाव, चार वाजता बन्स खाल्ले जातात म्हणून. दोन उकडलेली अंडी किंवा मूठभर भाजलेले चणे पर्समध्ये ठेवा आणि दूध काढायला बसाल तेव्हाच खाऊन टाका. साखरेचा आणि टीएसएचचा रिपोर्ट आला की आकडे मला कळवा. टीएसएच वर असेल तर ताटाबद्दल मी लिहिलेलं तूर्त बाजूला ठेवायचं आणि आधी गोळी लागेल का ते डॉक्टरांना विचारायचं.